वाडीच्या बुलेटचं हेड

मु. वाडी, पो. धारूर, जि. बीड
१४ सप्टेंबर १९८६

चि. बंकट यास शहादेवचे अनेक आशीर्वाद.

कागदावर वर दूध सोसायटीचा शिक्का दिसेल, त्याने दचकू नकोस. घरात दुसरा कागद नव्हता आणि सेक्रेटरीला एवढी चोरी माफ असावी.

आपली बुलेट बंद पडली आहे. गेल्या सोमवारी भरलेले दोन्ही कॅन घेऊन घाट चढत होतो. दुसऱ्या वळणावर फटफट आवाज झाला, मग शिट्टीसारखी हवा सुटली आणि गाडी गप्प. मी फाट्यापर्यंत ढकलत नेली, तोवर दूध संघाचा टँकर निघून गेला होता. चाळीस चाळीस लिटर दूध तिथंच ऊन खात बसलं. परत आणलं तेव्हा त्याचा वास येत होता.

धारूरच्या मिस्त्रीने इंजिनाच्या वरचं झाकण उतरवलं, ज्याला तुम्ही लोक हेड म्हणता ते. आत धुराच्या व्हॉल्वपासून प्लगच्या भोकापर्यंत केसाएवढी चीर गेली आहे. मिस्त्री म्हणाला, "शहादेवराव, हे आता न्हाई चालायचं. दुसरं हुडका." म्हणून मी मांजरसुंब्याला गेलो. तिथे भंगारवाल्याकडे एका ट्रकखाली आलेल्या बुलेटचं हेड मिळालं. ते चांगलं की वाईट, मला कळत नाही. आपलं चिरलेलं आणि हे भंगारातलं, अशी दोन्ही गोणपाटात शिवून अर्जुनराव ड्रायव्हरच्या ट्रकमधून तुझ्याकडे पाठवली आहेत. कोणतं दुरुस्त करायचं ते तू ठरव. तू म्हणशील ते.

तुला ठाऊक आहेच, तरी लिहितो. टँकर सकाळी साडेसातला फाट्यावर येतो आणि दहा मिनिटं थांबतो. वाडी घाटाखाली, फाटा वर. एस.टी. इकडे येत नाही. संघाचा नियम असा की सलग पंधरा दिवस दूध आलं नाही तर ती सोसायटी बंद समजायची. सोसायटी बंद झाली की जनावरांची पेंडही बंद. यंदा पाऊस आलाच नाही. रानात कडब्याची काडी नाही. संघाच्या पेंडीवरच सव्वीस घरांच्या गाई उभ्या आहेत. गाई गेल्या तर दसऱ्यानंतर वाडीला ऊसतोडीच्या मुकादमाच्या ट्रकमध्ये बसण्याशिवाय दुसरं काही उरत नाही.

आमच्या घराचं काय ते तुला वेगळं सांगायला नको. लग्नात कानपिळीच्या वेळी तू बारा वर्षांचा होतास. सगळे म्हणाले, मेव्हण्या, टोपी माग, घड्याळ माग. तू माझा कान धरून म्हणालास, "माझ्या अक्काला उसाला न्यायचं न्हाई." मांडव हसला होता. मी हसलो नव्हतो, कारण तुमची आई उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत वारली त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी हो म्हटलं होतं. ही सोसायटी मी काढली ती त्याच होकारापायी, हे वाडीत कुणाला माहीत नाही.

तोवर सायकलवर कॅन बांधून चढवतो. निभतं.

तुझा
शहादेव

* * *

शिरोली, कोल्हापूर
२४ सप्टेंबर १९८६

ती. दाजींना आणि अक्काला बंकटचा साष्टांग नमस्कार.

गोणपाट मिळालं. अर्जुनरावांनी वाटेत त्याची उशी केली होती, त्यामुळे हेडं सुखरूप आणि त्यांची मान आखडलेली.

दाजी, आधी एक कबूल करा. पेट्रोलमध्ये रॉकेल घालत होता ना? नाही म्हणू नका. व्हॉल्वच्या मागे जी काजळी धरलीय ती मी नखाने खरवडून हुंगली. बाईमाणसाच्या चुलीला असला वास येतो. रॉकेलवर गाडी चालते, पण आतून भाजते, आणि त्यात वर तुम्ही भरलेले कॅन आणि तो घाट. अठ्ठावीस वर्षांची म्हातारी आहे ती. एवढं सोसलं हेच पुष्कळ.

आता निवाडा ऐका. भंगारातलं हेड दोन दिवसांत उभं राहील. प्लगच्या भोकाचे आटे गेलेत, तिथे पितळेचं बुश बसवायचं, व्हॉल्व ज्यात सरकतो ती गाइडची नळी बदलायची, झालं. पण त्याचं तोंड आधीच कुणीतरी दोनदा तासलंय. म्हणजे आत जागा कमी आणि दाब जास्त. कॅन घेऊन घाटात ते ठोके देणार. सहा महिन्यांत पिस्टनला भोक पाडेल. नाही पाडलं तर माझं नाव बदला. सहा महिन्यांसाठी मी माझ्या अक्काच्या गाडीवर असलं काम करणार नाही.

आपलं जुनं मात्र मूळचं आहे. धातू बघावा तर असा. चीर कोरून काढायची, आर्गॉन गॅसच्या वेल्डिंगने भरून घ्यायची, व्हॉल्व टेकतो ती कडी, म्हणजे सीट, नवी ठोकायची, मग व्हॉल्व घासायचे. आमच्या वर्कशॉपात आर्गॉन नाही. पलीकडच्या कारखान्यात सुंदरराव म्हणून वेल्डर आहेत. ते फक्त रविवारी बाहेरचं काम करतात आणि रविवारी त्यांचा मूड असावा लागतो. तीन आठवडे धरा. मग दहा वर्षं बघायला नको.

घासायचं काम मी स्वतः करणार, दुसऱ्याच्या हाती देणार नाही. व्हॉल्व त्याच्या सीटवर ठेवायचा, मध्ये पेस्ट, आणि काडी दोन तळहातांत धरून अक्का रवी घुसळते तशी घुसळायची. थोडं उचलायचं, वळवायचं, पुन्हा. हाताची लय मोडली की कडा एकीकडे जास्त खाते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. त्या वेळी मला कुणी हाक मारलेली चालत नाही. मालकसुद्धा मारत नाहीत. एकदा एकाने मारली होती, त्याच्यावर मी पान्हा फेकला होता.

पवळी गाभण राहिली का? अक्काला म्हणावं, यंदाच्या भाऊबीजेला मी हेड घेऊनच येतो. ओवाळणीत हेड.

तुमचा
बंकट

* * *

मु. वाडी
३ ऑक्टोबर १९८६

चि. बंकट यास आशीर्वाद.

रॉकेलचं कबूल. पेट्रोल धारूरच्या पंपावर एक दिवस येतं, चार दिवस येत नाही. टँकर मात्र रोज येतो. मी काय करायला हवं होतं ते तूच सांग. तुझं पत्र मी अक्काला वाचून दाखवलं. चुलीच्या वासाचं वाचल्यावर ती तोंडाला पदर लावून हसली. मग म्हणाली, "त्याला लिव्हा, लई झिजू नको म्हणावं. जेवतो का न्हाई कुणास ठावं. आन पान्हा फेकून मारायचा असतो व्हय मानसाला!" तुझं घासण्याचं तिने मला दोनदा वाचायला लावलं. रवी घुसळताना तिलाही कुणी बोललेलं चालत नाही, म्हणाली, घरातच आहे ते.

सायकलने दूध चढतं, पण वेळ गाठत नाही. पहाटे निघालो तरी शेवटच्या चढावर पाय उतरतो. गेल्या आठवड्याच्या सुरुवातीला दोनदा टँकर मिळाला, त्यानंतर नाही. टँकरवाल्याला म्हटलं, पाच मिनिटं थांबत जा. तो म्हणाला, मी थांबलो तर पुढच्या गावचं नासतं. त्याचंही खरं आहे.

लोक आता म्हणू लागले आहेत की दूध घरातच विरजून टाकावं. मी सांगितलं, हेड येतंय. कडूबाई म्हणाली, "सेक्रेटरी, दुधात घालायलाबी पानी न्हाई राहिलं, आन तुमचं हेड काय करनार?" बोलणं कडू असलं तरी बाई रोज सहा लिटर घालते, म्हणून ऐकून घेतलं.

तुझा निवाडा मान्य आहे. एवढंच सुचवतो की भंगारातलं लवकर होत असेल, तर तेही वाईट दिसणार नाही. पण हे सुचवणं आहे. काम तुझं आहे आणि त्यातलं मला कळत नाही.

पवळी गाभण आहे. सातवा महिना.

तुझा
शहादेव

* * *

शिरोली
१५ ऑक्टोबर १९८६

ती. दाजींना साष्टांग नमस्कार.

तुमची सूचना वाचली आणि मला राग आला, तो आधी लिहून टाकतो म्हणजे मोकळा होईन. दिसण्याचा प्रश्न कुठे आला? भंगारातलं हेड दिसतं चांगलंच, त्याला काय झालं? मी तुम्हाला ते दिलं आणि घाटात पिस्टन फुटून गाडी उलटली तर अक्काला मी कोणत्या तोंडाने भेटू? इथले लोक मला शिरोलीचा डॉक्टर म्हणतात. थट्टेने म्हणतात, पण म्हणतात. ऊसतोडीच्या कोपीतून उचलून मालकांनी मला लेथवर उभं केलं तेव्हा पहिलं एकच शिकवलं होतं. करायचं तर असं करायचं की ते काम पुन्हा आपल्या दारात येऊ नये.

तेव्हा जुनंच. यात आता बदल नाही.

थोडा उशीर होतोय. आर्गॉनची टाकी संपली आणि पुण्याहून येणारी आली नाही, असं सुंदरराव म्हणाले. या नाहीतर पुढच्या रविवारी होईल. भाऊबीजेपर्यंत नक्की.

सायकल किती दिवस मारणार? वाडीतल्या पोरांना पाळ्या लावा. सोसायटी तुमची एकट्याची नाही. आणि अक्काला रात्रीची भाकरी खायला लावा. ती जनावरांना आधी घालते आणि स्वतःचं विसरते, हे मला इथून दिसतं.

तुमचा
बंकट

* * *

मु. वाडी
२८ ऑक्टोबर १९८६

चि. बंकट यास आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या रागाला मी वाईट मानत नाही. तू म्हणतोस ते योग्यच असणार.

या भाऊबीजेला तू येऊ नकोस. इथे पाण्याचा टँकर चार दिवसांनी येतो, त्यात पाहुण्याला तांब्याभर द्यायचं म्हणजे अक्काच्या जिवाला घोर. शिवाय देवीच्या सालाबादच्या कामासाठी आम्हाला बाहेर जावं लागेल, नक्की कधी ते ठरलेलं नाही. तुझी खेप फुकट जाईल. अक्काने तुझ्या नावाने चंद्राला ओवाळायचं ठरवलं आहे.

दूध ठीक आहे. काळजी करू नकोस.

हेडचं तुझ्या सवडीने होऊ दे. घाई नाही.

तुझा
शहादेव

* * *

शिरोली
१२ नोव्हेंबर १९८६

ती. दाजी,

नमस्कार. भाऊबीज झाली. बाजूच्या खोलीतल्या मनकर्णाबाईंनी आपल्या भावाबरोबर मलाही पाटावर बसवलं. मी बसलो आणि लाडूही खाल्ला, पण रुसलो आहे हे कळावं म्हणून लिहितो. पाणी नाही म्हणून बहिणीचं दार बंद, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. मी येताना कळशी घेऊन आलो असतो.

आता मला एक कबूल करायचंय. आर्गॉन संपला नव्हता. सुंदररावांनी पहिल्याच रविवारी वेल्डिंग केलं होतं. छान भरलं गेलं, मी खूश होऊन त्यांना जेवायला नेलं, आणि परत येऊन बघतो तर थंड होताना शेजारीच दुसरी चीर गेलेली. इतक्या वर्षांचं तेल धातूत मुरलंय, ते गरम झाल्यावर बाहेर येतं आणि जोड धरू देत नाही. तुम्हाला लिहायची लाज वाटली. डॉक्टरच्या हातून पेशंट गेला असं झालं असतं.

त्या रात्री वाटलंही की गप भंगारातलं करावं आणि पाठवून द्यावं. पण मग ते माझ्याकडून हरणं झालं असतं. आणि तुम्ही लिहिलंत घाई नाही, दूध ठीक आहे. म्हटलं, मग नीटच करू.

दुसऱ्या खेपेला मी हेड तीन दिवस सोड्यात उकळलं, वाळवलं, भट्टीत सगळीकडून सारखं तापवलं आणि मग सुंदररावांकडे नेलं. वेल्डिंग झाल्याबरोबर गरम राखेत पुरून ठेवलं, अख्खा दिवस हात लावला नाही. बाळंतिणीलाही इतकं जपत नाहीत. चीर नाही. भिंग लावून बघितलं. आता सीट बसवायची आणि घासायचं.

सायकल चालू आहे का अजून? पवळीचं कसं काय? तुम्ही हल्ली काहीच लिहीत नाही. सेक्रेटरी असून अहवाल फारच त्रोटक.

तुमचा
बंकट

* * *

वाडी
२५ नोव्हेंबर १९८६

चि. बंकट यास आशीर्वाद.

पेन्सिलने लिहितो, राग मानू नकोस. तुझं पत्र काल हाती आलं. पहिल्या वेल्डिंगचं लपवलंस त्याचं काही वाटून घेऊ नकोस. माणूस लपवतो ते समोरच्याला त्रास नको म्हणून.

अक्का बरी आहे. हाताला थोडं कापलं होतं, ते भरून आलं. पवळी सुखात आहे. खायला मिळतं तिला.

तू जेवत जा. अक्का विचारते, काम करताना तू आत बसतोस की दारात?

तुझा
शहादेव

* * *

शिरोली
४ डिसेंबर १९८६

ती. दाजींना आणि अक्काला साष्टांग नमस्कार!

झालं! परवा मंगळवारी शेवटचा हात मारला. व्हॉल्व बसवून वर तोंडापर्यंत रॉकेल ओतलं आणि दिवसभर तसंच ठेवलं. खाली एक थेंब नाही. मालकांनी बोट फिरवून बघितलं आणि हेड स्वतः फडक्यात गुंडाळून ठेवलं. त्यांनी स्वतः गुंडाळलं म्हणजे शंभर टक्के. माझ्या हातून असं काम पुन्हा होईल की नाही, सांगता येत नाही.

अक्काला सांगा, मी दारातच बसतो. आत दिवा पिवळा आहे, त्यात घासल्यावर कडेला उमटणारा राखी पट्टा दिसत नाही. दारात उजेड चांगला. त्रास एवढाच की हंगाम सुरू झालाय आणि उसाच्या बैलगाड्या दिवसभर दारावरून कारखान्याकडे जातात. आमच्यासमोर चढ आहे, तिथे त्या रेंगाळतात, आणि धूळ अशी की पेस्टमध्ये एक कण पडला तर सीटला रेघ. मंगळवारी तर एक गाडी नेमकी माझ्यासमोर येऊन थांबली. मी निम्म्यावर होतो. मान वर न करताच ओरडलो, "ए, हाक की पुढं बे! धूळ कावून उडवतोस?" वर एक शिवीही घातली, ती अक्काला वाचून दाखवू नका. गाडी निमूट गेली बिचारी. नंतर वाईट वाटलं. आपलीच माणसं असतात ती, बीडची नाहीतर पाथर्डीची. आमची आई याच रस्त्याने जायची.

हो, एक गंमत. तुमचं मागचं पत्र दोन दिवसांत आलं. पूर्वी सहा लागायचे. आणि माझं पत्र तुम्हाला पोचायला म्हणे बारा दिवस. पोस्टाचा कारभार जाताना बैलाचा आणि येताना घोड्याचा झालाय.

हेड आजच एस.टी. पार्सलने धारूरला पाठवतो. पावती या पत्रात आहे. त्याबरोबर हेडखाली बसवायचं गॅस्केट दिलंय, तेच वापरा. नट तिरपे तिरपे आवळा, एका ओळीत नाही. आणि रॉकेल घातलंत तर तुमचं माझं नातं तुटलं. पहिल्या दिवशी टँकरवाल्याच्या आधी फाट्यावर जाऊन उभे राहा आणि त्याने घड्याळ बघितलं की मला कळवा. एवढ्या एका ओळीसाठी मी अडीच महिने घासतोय.

तुमचा
बंकट

* * *

२० डिसेंबर १९८६

चि. बंकट यास शहादेवचे आशीर्वाद.

वर गाव लिहिलं नाही, कारण या जागेला नाव नाही. तुझ्या शिरोलीपासून अडीच कोसांवर, नदीच्या अंगाला ज्या मळ्यात तोड चालू आहे तिथे आमच्या टोळीच्या कोप्या आहेत. आम्ही ३० ऑक्टोबरला आलो. तुझी पत्रं वाडीला जातात, तिथून शेजारचा गहिनीनाथ ती मुकादमाच्या माणसाबरोबर इकडे धाडतो. म्हणून तुझ्या पत्राला बारा दिवस आणि माझ्या पत्राला दोन. पोस्टाचा दोष नाही.

सगळं क्रमाने लिहितो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पंधरावा दिवस भरला. त्याआधी दोन वेळा मी कॅन घेऊन फाट्यावर पोचलो तेव्हा टँकरचा धुरळा अजून हवेत होता. दसऱ्यानंतर टँकर फाट्यावर थांबलाच नाही. संघाचं पत्र आलं, पेंड बंद झाली. पुढच्या दोन बाजारांत वाडीच्या गाई सिरसाळ्याला गेल्या. पवळीही गेली. सातव्या महिन्यातली गाय असूनही कुणी हात लावत नव्हतं, सगळ्यांच्याच चाऱ्याची रड. ती कुणाच्या दावणीला गेली ते मी बघितलं नाही, मी आधीच निघालो. तुला भाऊबीजेला येऊ नको लिहिलं तेव्हा घरात बोचकी बांधून ठेवलेली होती. देवीचं काम मी रचून लिहिलं. अक्काने चंद्राला ओवाळलं ते कोपीच्या दारातून.

बैलजोडी राहिली होती. कारखान्याने टायरगाडी दिली. मी तोडतो, अक्का मोळ्या बांधते. मग तीही तोडते. तू कान पिळून माझ्याकडून जे घेतलं होतंस, ते मला राखता आलं नाही. तिने स्वतः कोयता उचलला तेव्हा मी दुसरीकडे बघत होतो. तिच्या हाताला कापलं ते पहिल्याच दिवशी. अठरा वर्षांत हात विसरला होता. आता आठवलं त्याला.

तुझं भंगारातलं हेड सहा महिनेच चाललं असतं, असं तू लिहिलं होतंस. बंकट, आम्हाला सहा महिनेच काढायचे होते. तोडीचा हंगाम सरेपर्यंत. हे मी तुला तेव्हा सरळ लिहायला हवं होतं. बारा वर्षं सोसायटीचे ठराव लिहिले, आणि एक ओळ लिहिता आली नाही की भंगारातलंच कर, आजच कर, आम्ही बुडतोय. लिहिलं असतं तर त्याचा अर्थ झाला असता की शब्द मोडायला आलाय. म्हणून सूचना केली. तुझ्यावर माझा कसलाही ठपका नाही. दोघांनीही आपापली लाज सांभाळली आणि फाट्यावरून टँकर गेला.

आता मंगळवारचं. ती गाडी आमची होती. चढावर अक्काने तुला ओळखलं आणि माझ्या हातातला कासरा तिने स्वतः ओढला, म्हणून बैल तुझ्यासमोर थांबले. माझ्या तोंडाला टॉवेल होता. तू खाली मान घालून काडी फिरवत होतास. केस पिकू लागलेत तुझे, कानाच्या वर, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मी हाक मारणार होतो. तोंड उघडलंही होतं. अक्काने माझा दंड धरला. "नगा," म्हणाली, "त्याचा हात चालू हाय. लय मोडली तर त्याला पुन्यांदा पहिल्यापासून करावं लागंल. त्यानंच लिव्हलंय न्हवं?" मग तू ओरडलास. आम्ही गाडी हाकली. वळणापलीकडे गेल्यावर अक्का हसू लागली, मेव्हण्याने दाजीला 'बे' म्हटलं म्हणून. कोपीत आल्यापासून पहिल्यांदा हसली. हसता हसता मग रडली, ते बराच वेळ चाललं. ज्या मळ्यात आम्ही आहोत तिथून ती बाभळ दिसते, जिच्याखाली तुमच्या आईची कोपी होती.

तुझं पार्सल धारूरच्या स्टँडवर आलं आहे असं गहिनीनाथने कळवलं. पावती मी त्याला पाठवली आहे. तो सोडवून बुलेटजवळ ठेवील. गाडी त्याच्या रिकाम्या गोठ्यात आहे. हेड बसवायला मी नाही, आणि बसवून न्यायचं काय, ते मला माहीत नाही. सोसायटीचे कॅन संघाने परत नेले.

तू आता इकडे धावत येशील. येऊ नकोस. हे मी सांगत नाही, अक्का सांगते. ती म्हणते, आईला तू शेवटी अशाच कोपीत बघितलंस, आता मलाही इथंच बघू नको. तिचं एवढंच मागणं आहे. आमची गाडी दिवसाआड दुपारी तीनच्या सुमारास तुझ्या दारावरून जाते. चढ आहे, बैल हळू चालतात, तुला पोटभर बघायला मिळतं. तेव्हा हातात काही ना काही काम घेऊन दारातच बसत जा. फक्त मान वर करू नकोस.

तुझा
शहादेव